घराचं नाक

सदाशिव पेठेतल्या त्या तीन मजली इमारतीत कुणाकडे दूध उतू गेलं, कुणाच्या माळ्यावर उंदीर मेला आणि तळमजल्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर जिन्याखाली बिड्या ओढतो का, हे सगळ्यात आधी दुसऱ्या मजल्यावरच्या सुनीती घैसासांना कळायचं. त्या कुणाकडे जाऊन बसायच्या नाहीत की भिंतीला कान लावायच्या नाहीत. कणीक मळता मळता मान जरा वर करायच्या, दोनदा श्वास आत ओढायच्या आणि निकाल द्यायच्या, "दातारांकडे फोडणी जळली." थोड्याच वेळात दातारांकडून भांडणाचा आवाज यायचा.

त्यांचे यजमान आप्पासाहेब. त्यांच्या नाकाची तपकिरीनं केव्हाच वाट लावली होती. गुलाब आणि गटार त्यांना सारखंच. ते चिंचवडच्या एका कारखान्यात फोरमन होते. देशानं दारं उघडली, परदेशी यंत्रं आत आली आणि आप्पासाहेब बाहेर आले. त्या कागदाला स्वेच्छानिवृत्ती म्हणत. त्यात आपली इच्छा कुणी विचारल्याचं आप्पासाहेबांना आठवत नव्हतं. मूलबाळ नव्हतं आणि त्याबद्दल बोलायची त्या घरात पद्धतही नव्हती. दोघंच दिवसभर एकमेकांसमोर. मग आप्पासाहेबांनी दारावर एक पाटी लावली आणि सुनीतीबाईंनी केकच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली.

पाटी अशी होती: 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. तातडीचे काम असल्यास ४ नंतर यावे.' त्या वेळात टेलिफोनचा रिसीव्हरही बाजूला काढून ठेवलेला असे. बेल आप्पासाहेबांनी स्वतःच बसवली होती. स्टूल आणायचा कंटाळा, म्हणून तिचा डबा स्वयंपाकघराच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर ठोकलेला. जुनी, घणघणणारी बेल. वाजली की डब्याच्या फटीतून निळी ठिणगी उडायची. "एकदा दुरुस्त करून घ्या की," असं सुनीतीबाई म्हणत. "वाजतेय ना?" असं आप्पासाहेब म्हणत आणि विषय संपे.

सुनीतीबाईंचा ओव्हन म्हणजे शेगडीवर ठेवायची पत्र्याची पेटी. तिला ना काटा, ना आकडे. कॅम्पात राहणाऱ्या एका ख्रिस्ती बाईंकडे त्या लग्नाआधी दोन उन्हाळे शिकायला जात. त्या बाईंनी त्यांना एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली होती: झाकण उघडून बघायचं नाही, वास घ्यायचा. अ‍ॅपल पायचं तर सगळंच वासावर. आधी ओल्या मैद्याचा वास येतो, तो काही खरा नाही. मग लोण्याचा येतो. मग सफरचंदाचा रस उकळून वरच्या चिरांतून बाहेर येतो आणि पेटीच्या पत्र्यावर टपकतो, त्याचा जरासा करपट, कॅरमलसारखा वास. तो आला की गॅस बंद. त्यापुढे थांबलात तर कडा काळ्या, अलीकडे थांबलात तर तळ कच्चा. सुनीतीबाई हॉलमध्ये बसून शेंगा सोलत असायच्या आणि मधेच उठून थेट गॅस बंद करायच्या. कधी चुकल्या नाहीत. त्यांच्या अंड्याशिवायच्या पायची कर्वेनगरपर्यंत कीर्ती होती, आणि आयुष्यात एवढी एकच गोष्ट आपली स्वतःची आहे, असं त्यांना वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी शेगडीची रबरी नळी तडकली होती. पहाटे सुनीतीबाईच झोपेतून उठून बसल्या, "अहो, गॅस!" तेव्हापासून घरात एक रिवाज पडला. दुपारचा चहा आप्पासाहेब स्वतः करत. चार वाजता लायटर हातात घेऊन ते ओट्यापाशी उभे राहत आणि हॉलच्या दिशेनं विचारत, "अगं, वास?" सुनीतीबाई आत येऊन श्वास घेत. "नाही." मग लायटर खटकायचा. देवापुढे निरांजन लावावं तसं हे रोज, न चुकता.

आणि त्या संक्रांतीला सुनीतीबाईंचा वास गेला.

साधा ताप होता, सर्दी होती. आठवड्यात दोन्ही बरी झाली. तिळगुळासाठी तीळ भाजायला घेतले, कढईत धूर दिसला, तीळ काळे पडलेले दिसले आणि वास मात्र काहीच नाही. त्यांनी हिंगाची डबी उघडली. मग बाम. मग चक्क मोरीच्या जाळीवर वाकून बघितलं. सगळं गप्प. त्या दुपारी त्यांना जी भीती वाटली तशी आईच्या मरणाच्या वेळीही वाटली नव्हती.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्या एकट्याच गेल्या. मंडईत जाते म्हणून सांगून गेल्या. डॉक्टर म्हणाले, "तापात नस दुखावली असेल. कधी परत येतो वास, कधी नाही येत. वाट बघायची." घरी येताना त्यांनी मंडईतून कोथिंबीर आणली, कारण रिकाम्या हातानं परतलं असतं तर आप्पासाहेबांनी विचारलं असतं.

आता कुणी म्हणेल, नवऱ्याला सांगायला काय झालं होतं? झालं होतं. कर्वेनगरला आप्पासाहेबांच्या थोरल्या बहीण, दुर्गाबाई, राहत. गेल्या वर्षी त्या दुधाखालचा गॅस चालू ठेवून देवळात गेल्या. पातेलं जळलं, बाकी काही नाही. पण मुलानं दुसऱ्याच दिवशी शेगडी काढून टाकली आणि डबा लावला. तो निर्णय द्यायला आप्पासाहेबच गेले होते. "झालं आता. बसा स्वस्थ," असं ते बहिणीला म्हणाले होते. सुनीतीबाईंनी नंतर ते स्वयंपाकघर पाहिलं. ओट्यावर पाण्याचं पिंप आणि औषधांचा डबा होता आणि दुर्गाबाई खुर्चीत बसून बंद टीव्हीकडे बघत होत्या. आपल्या ओट्यावर तसलं पिंप आलेलं सुनीतीबाईंना बघायचं नव्हतं. एवढंच कारण होतं आणि त्यांना ते पुरेसं होतं.

म्हणून रोज चार वाजता त्या स्वयंपाकघरात यायच्या, श्वास ओढल्यासारखं करायच्या आणि म्हणायच्या, "नाही." पहिले काही दिवस लायटर खटकला की छातीत धस्स व्हायचं. त्यांनी त्यावर उपायही शोधला: काम झालं की सिलिंडरचा रेग्युलेटर स्वतः जाऊन बंद करायचा. मग हळूहळू धस्स होणंही थांबलं.

पाय त्या आता घड्याळ लावून भाजू लागल्या. फेब्रुवारीत एक पाय कर्वेनगरला वाढदिवसाला गेला. तिथल्या बाई फोनवर म्हणाल्या, "वेगळाच फ्लेवर होता हो या वेळी. मसालेदार." सुनीतीबाईंनी फोन ठेवला आणि फडताळ उघडलं. मैदा लागलेला चमचा गोड्या मसाल्याच्या बरणीत होता. दालचिनीची पूड शेजारच्या बरणीत तशीच होती. उरलेल्या सारणाचा घरासाठी केलेला छोटा पाय आप्पासाहेबांनी सकाळीच संपवला होता आणि "आज चांगला जमलाय" असंही म्हणाले होते. सुनीतीबाई ओट्याला टेकून आधी हसल्या आणि मग रडल्या. त्यानंतर त्यांनी दालचिनीच्या बरणीला लाल दोरा बांधला.

घैसासांच्या फ्लॅटला बाहेरच्या बाजूला एक खोली होती. तिचं एक दार जिन्यावर उघडायचं, दुसरं आतल्या बोळात. ते आतून कायम कडी घातलेलं. त्या खोलीत प्रियदर्शनी गजभिये नावाची मुलगी भाड्यानं राहायची. वर्ध्याची. हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत. पेठेत ती तीन ठिकाणी जागा बघून आली होती. तिन्ही ठिकाणी आडनाव सांगितल्यावर जागा 'आत्ताच गेलेली' होती. आप्पासाहेबांनी आडनाव विचारलं नाही. ते म्हणाले, "दुपारी बेल वाजवणार का?" ती म्हणाली, "नाही." "मग या." हा प्रश्न त्या मुलीनं जन्मभराचा करार असल्यासारखा मनावर घेतला.

तरी एकदा चूक झालीच. पहिल्याच आठवड्यात नळाला पाणी नव्हतं म्हणून तिनं अडीच वाजता बेल दाबली. आप्पासाहेबांनी दार उघडलं, पाटीकडे बोट केलं आणि म्हणाले, "इंजिनिअर आहात ना आपण? वाचता येत असेल." त्यांच्या दृष्टीनं ते तिथंच संपलं. ती मात्र त्या दिवशी सामान बांधून ठेवण्याच्या बेतात होती, हे सुनीतीबाईंना बऱ्याच नंतर कळलं.

मार्च संपत आला होता तेव्हा प्रियदर्शनी एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "काकू, आमचा क्लायंट येऊन राहिला अमेरिकेतून. कॉलवर म्हणत होता, त्याची आई अ‍ॅपल पाय बनवायची. टीम लीड म्हणाला, हॉटेलचा नको, होममेड पाहिजे. मी बोलून गेली, आमच्या काकू करतात म्हणून." आणि मग खालच्या आवाजात, "माझं इम्प्रेशन आहे यावर, काकू. ऑनसाइटची लिस्ट निघणार आहे, अमेरिकेला कुणाला पाठवायचं त्याची."

नाही म्हणायला हवं होतं. सुनीतीबाईंना हे त्याच क्षणी कळलं. पण ती मुलगी 'आमच्या काकू' म्हणाली होती. "किती हवेत?" त्यांनी विचारलं.

दोन पाय ठरले. मंडईत त्या दिवसांत परदेशी सफरचंदं आली होती, प्रत्येकाच्या गालावर स्टिकर. सुनीतीबाईंनी त्यातली कडक बघून घेतली. ती नुसतीच गोड निघतात म्हणून लिंबंही घेतली. ठरल्या दिवशी सकाळी त्यांनी मैदा चाळला, फ्रीजमधलं घट्ट लोणी त्यात बोटांच्या टोकांनी चोळलं, तळवा लागू दिला नाही. तळव्याच्या उबेनं लोणी वितळतं आणि पापुद्रा सुटत नाही. बर्फाचं पाणी चमच्याचमच्यानं घालून गोळे केले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवले. हात सगळं जाणत होते. तेवढ्यापुरतं त्यांना अगदी पूर्वीसारखं वाटलं.

प्रियदर्शनी बसला निघाली होती. सुनीतीबाईंनी तिला हाक मारली आणि लाल दोऱ्याची बरणी पुढे केली. "बघ गं, जुनी तर नाही झाली?"

तिनं नाक खुपसलं. "मस्त आहे काकू. सॉलिड दालचिनी." मग हसून म्हणाली, "तुम्ही मला विचारून राहिल्या? बिल्डिंगमधल्या सगळ्यांचे वास तुम्हाला येतात." सुनीतीबाईही हसल्या. "मी हाफ डे टाकून येते," ती म्हणाली, "चारला येऊन पाय घेऊन जाते. क्लायंट संध्याकाळी आहे."

पहिला पाय पेटीत गेला. सुनीतीबाई शेगडीसमोर पाट टाकून बसल्या आणि घड्याळ मांडीवर घेतलं. चिरांतून रस आला का ते बघायला त्यांनी दोनदा झाकण उघडलं. कॅम्पातल्या बाईंनी हे पाहिलं असतं तर हातावर उलथनं मारलं असतं. सकाळभर पेटी धगधगत होती. तिची मागची धग भिंतीकडे जात होती आणि तिथंच, ओट्याच्या कडेवरून, रबरी नळी खाली सिलिंडरकडे उतरत होती. एरवी तापलेल्या रबराचा वास त्यांना केव्हाच लागला असता.

पाय छान निघाला. निदान दिसायला छान निघाला. सोनेरी कडा, काट्यानं दाबलेल्या रेघा सारख्या. त्यांनी तो ओट्यावर निवत ठेवला. शेजारच्या इमारतीच्या गच्चीतून एक बोका यायचा, त्याच्या भीतीनं खिडकी गच्च लावून घेतली. दुसरा पाय चहानंतर भाजायचा होता. पुन्हा लगेच लागणारच आहे म्हणून त्या दिवशी रेग्युलेटर चालूच राहिला. मग जेवणं झाली, रिसीव्हर बाजूला गेला आणि घर झोपलं.

नळीला चीर कधी गेली ते कुणाला कळलं नाही. पेटीच्या मागे, दिसणार नाही अशा जागी, बारीकशी. बंद स्वयंपाकघरात पाय निवत होता आणि जमिनीलगत गॅस साचत होता. सुनीतीबाई आतल्या खोलीत कुशीवर झोपल्या होत्या. दमल्या होत्या, त्यांना लगेच झोप लागली.

प्रियदर्शनी अडीचच्या सुमारास आली. खोली उघडली तर आतल्या दाराच्या फटीतून वास. तिनं खिडक्या उघडल्या, ओढणी ओली करून त्या दाराच्या फटीत कोंबली आणि जिन्यात आली. घैसासांच्या दाराशी वास आणखी होता. तिचं बोट बेलच्या बटणापर्यंत गेलं, आणि पाटी दिसली. तिनं फोन लावला, तो लागेना. हळूच दार वाजवावं असं वाटलं, पण दार वाजवणं आणि बेल वाजवणं यात आप्पासाहेब फरक करतील असं तिला वाटेना. शिवाय तिनं विचार केला की आपल्याला येतो तो वास काकूंना आला नसेल, असं होणारच नाही. काकूंनी बघितलंच असेल. काहीतरी उतू गेलं असेल, खिडकी उघडली असेल, जाईल हळूहळू. ती पायरीवर बसली आणि चार वाजायची वाट बघू लागली.

सुनीतीबाई उठल्या तेव्हा डोकं जड झालं होतं. उन्हाळा, असं म्हणून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. आप्पासाहेब नेहमीप्रमाणे त्यांच्याआधी उठून स्वयंपाकघरात गेले होते. बोळातून जाताना सुनीतीबाईंना बाहेरच्या खोलीच्या दाराखाली काहीतरी निळं दिसलं. ओढणीचं टोक. ओलं. त्याच्याभोवती फरशीवर पाणी पसरलं होतं. ही पोरगी दाराखाली ओढणी कशाला कोंबते, असं म्हणत त्या पुढे गेल्या.

आप्पासाहेब ओट्यापाशी उभे होते. चहाचं आधण चढवलेलं होतं. हातात लायटर.

"अगं, वास?"

"नाही," सुनीतीबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांची सवय. तोंडानं आपोआप म्हटलं.

आप्पासाहेबांनी बटण फिरवायला हात पुढे केला, आणि सुनीतीबाईंच्या डोळ्यांपुढे ती ओली ओढणी पुन्हा आली. दाराखाली ओलं फडकं माणूस दोनच गोष्टींसाठी कोंबतो. पाणी आत येऊ नये म्हणून, नाहीतर वास. आणि आतून पाणी काही गेलं नव्हतं.

"थांबा!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की आप्पासाहेबांच्या हातातून लायटर ओट्यावर पडला. "लावू नका! मला वास येत नाही!"

"येत नाही तर मग..."

"अहो, मला कसलाच वास येत नाही! संक्रांतीपासून!"

आप्पासाहेब त्यांच्याकडे बघत राहिले. त्या बाईनं आयुष्यात त्यांच्यावर आवाज चढवलेला नव्हता. संक्रांतीपासून आपण रोज कशाच्या भरवशावर लायटर दाबत होतो, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलेलं सुनीतीबाईंनी पाहिलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याला वेळ नव्हता. त्या खाली वाकल्या आणि रेग्युलेटर फिरवला. नळीपाशी कान नेला तर तिथं बारीक सूं असा आवाज थांबताना ऐकू आला. आप्पासाहेबांचा हात एक्झॉस्टच्या पंख्याकडे गेला.

"बटण नको! कुठलंच नको! खिडकी उघडा नुसती!"

खिडकीची कडी उन्हानं घट्ट बसली होती. आप्पासाहेब तिच्याशी झटत होते. तेवढ्यात हॉलमधल्या घड्याळानं चारचा पहिला ठोका दिला.

सुनीतीबाईंनी बेलकडे बघितलं. ओढणी कोंबलेली, म्हणजे पोरगी केव्हाच घरी आलेली आहे. आणि चार वाजता ती बेल वाजवणार. कमरेएवढ्या उंचीवर, त्यांच्या शेजारीच, बेलचा डबा होता.

त्या धावल्या. साठीला टेकलेली बाई, गुडघे दुखणारी, त्या बोळातून पदर सावरायचं भान न ठेवता धावली. "बेल वाजवू नकोस! प्रियदर्शनी, बेल वाजवू नकोस!"

बाहेर मुलीचं बोट बटणावर टेकलेलंच होतं. आतून काकू ओरडताहेत हे ऐकून तिला वाटलं, अजून चार वाजायचे आहेत, आपलं पुन्हा चुकलं. तिनं हात झटकन मागे घेतला आणि खाली मान घालून उभी राहिली. दार उघडलं तेव्हा ती "सॉरी काकू" म्हणत होती.

सुनीतीबाईंनी तिला दारातच मिठी मारली.

"गॅसचा वास येऊन राहिला काकू. दुपारपासून."

खिडकी उघडून आप्पासाहेब मागून आले. घामानं भिजलेले. "मग सांगायचं नाही?" ते म्हणाले. "दीड तास बसलात बाहेर?"

मुलीनं दारावरच्या पाटीकडे बघितलं. आप्पासाहेबांनीही मान वर केली आणि स्वतःच्याच हातानं रंगवलेली ती अक्षरं पहिल्यांदा वाचल्यासारखी वाचली.

"आणि काकू," ती सुनीतीबाईंना म्हणाली, "तुमच्याआधी मला वास येईल, असं वाटलंच नाही मला."

सुनीतीबाईंनी तोंड फिरवलं. आप्पासाहेब काय बोलतील याची त्या वाट बघत होत्या. त्या संध्याकाळी त्यांनी नवी नळी आणून बसवली, बेलचा डबा भिंतीवरून उपटून काढला आणि पाटीखाली एक ओळ वाढवली: 'गॅसचा वास आल्यास कोणत्याही वेळी दार जोरात वाजवावे.' ओव्हनला त्यांनी हात लावला नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, ते तुला ठाऊक होतं म्हणून नाही सांगितलंस." सुनीतीबाईंनी मान हलवली. दोघांनाही जेवण गेलं नाही.

एकच पाय हिंजवडीला गेला. क्लायंटनं त्याचे दोन तुकडे खाल्ले आणि आईला फोन लावला म्हणे.

त्यानंतर घरात नवा रिवाज सुरू झाला. सकाळी बसला जाण्यापूर्वी प्रियदर्शनी स्वयंपाकघरात यायची, ओट्यापाशी वाकून वास घ्यायची आणि म्हणायची, "ऑल क्लिअर, काकू." चारच्या चहाआधी वास घ्यायला आप्पासाहेब तळमजल्यावरच्या कंपाउंडरला वर बोलवत, बिडी न ओढता ये, अशी अट घालून. सुट्टीच्या दिवशी ती पोरगी पेटीजवळ बसायची आणि सुनीतीबाई तिला विचारायच्या, "आता कसला येतोय? लोण्याचा? नीट सांग." तिच्या नाकावर त्यांनी पावसाळाभर पाय भाजले. चांगले झाले. सुनीतीबाईंना स्वतःला ते कसे लागतात हे शेवटपर्यंत कळलं नाही. जिभेवर गोड आणि आंबट, एवढंच.

दिवाळीच्या आधी लिस्ट निघाली. प्रियदर्शनीचं नाव होतं. त्या पायमुळेच असेल, असं ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून ते ऐकून सुनीतीबाईंना आनंद झाला आणि आता ही जाणार, हेही कळलं. विमान मुंबईहून होतं. निघताना टॅक्सी खाली हॉर्न वाजवत असताना ती सामान जिन्यात टाकून आत धावत आली, ओट्यापाशी वाकली आणि दोनदा श्वास घेतला. "काही नाही, काकू. एकदम क्लिअर." मग वाकून दोघांच्या पाया पडली आणि गेली.

आप्पासाहेबांनी खोलीची नवी पाटी लावली: 'खोली भाड्याने देणे आहे. भाडेकरूस वास येत असावा.' लोक वाचायचे, हसायचे आणि पुढे जायचे. त्यात विनोद काहीच नव्हता. कंपाउंडरला वाकडेवाडीला नवी नोकरी लागली.

आता दुपारचे चार वाजतात. आप्पासाहेब आधण चढवतात, खिडकी उघडतात आणि जरा वेळ थांबतात. मग लायटर हातात घेऊन, सवयीनं, हॉलच्या दिशेनं विचारतात, "अगं, वास?"

सुनीतीबाई आत येतात आणि त्यांच्या शेजारी, अगदी खेटून, उभ्या राहतात. "काय माहीत," त्या म्हणतात.

आप्पासाहेब मान हलवतात आणि लायटर दाबतात.